डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर : कोणाला दाखवायचं, किती थांबायचं?

कोलशेतकर:
नमस्कार मंडळी. विषय जरा गंभीर आहे, पण विनोद चालतील. घरात सध्या कोणी हसत नाहीये.

पावसात स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर पाय घसरला आणि डोक्याची उजवी बाजू लोखंडी कठड्यावर आपटली. शुद्ध गेली नाही, पण उलटी झाली म्हणून त्याच रात्री सीटी स्कॅन केला. स्वच्छ निघाला. रक्तस्राव नाही, हाडाला तडा नाही. "मुका मार आहे, आराम करा" म्हणून घरी पाठवलं.

खरा तमाशा नंतर सुरू झाला. पहाटे उजव्या कुशीवर वळलो की अख्खी खोली गरागरा फिरते. पलंगाची कड धरून डोळे मिटून बसतो. मिनिटाच्या आत फिरणं थांबतं, मळमळ मात्र बराच वेळ राहते. माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. एरवी दिवसभर डोकं जड आणि पावलं किंचित तिरकी. फॅमिली डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्यात, त्याने झोप छान लागते, इतकंच.

आता न्यूरोकडे जाऊ की कान-नाक-घशावाल्याकडे? स्कॅन पुन्हा काढावा का? आणि ऑफिस महापेला आहे, ठाणे-बेलापूर रस्त्याने स्कूटरवर जातो. स्कूटर कधी हातात घ्यावी?

पेठेतला_पाहुणा:
डोक्यावर परिणाम झालाय आणि राहायला ठाण्यातच. म्हणजे भरती व्हायला प्रवासखर्चही नाही.
(हलके घ्या. काळजी घ्या.)

उपवनची_सकाळ:
पाहुणे, येरवड्यापासून रिक्षाच्या अंतरावर राहणाऱ्यांनी हा विनोद करू नये. आमचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे आणि हा विनोदही बहुधा तेव्हाचाच.

कोलशेतकर, आधी कान-नाक-घसावाले. माझ्या बहिणीला अगदी हेच झालं होतं, तिच्या डोक्यावर स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार पडलं होतं. न्यूरोची वेळ मिळेपर्यंत ती उशांचा डोंगर करून बसून झोपायची.

सात्त्विक_नौपाडा:
पित्त. शंभर टक्के पित्त. झोप मोडली, औषधांचा मारा झाला की पित्त उसळतं. मोरावळा सुरू करा, रात्री धणे-जिरे भिजवून सकाळी ते पाणी घ्या. आमच्या घरात तीन पिढ्या चक्कर अशीच गेली.

बटाटेभाव_वाशी:
सात्त्विककाका, ते कठड्यावर आपटलेत हो. पित्ताने काय जिन्यावरून ढकललं?

सात्त्विक_नौपाडा:
ढकललं असेल. आधी चक्कर आली म्हणून पडले की पडले म्हणून चक्कर आली, हे तुम्हाला काय ठाऊक?

कर्णपिशाच्च:
काकांचा शेवटचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. वयस्क पेशंट पडून येतो तेव्हा आम्हीही तोच विचारतो. कधी कानातला दोष जुनाच असतो, त्यामुळे तोल जाऊन माणूस पडतो आणि सगळा ठपका पडण्यावर येतो. (मी ऑडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं आणि तोल तपासणारी, नेरुळला. हे टोपणनाव नवऱ्याने दिलंय.)

इथे बसून निदान करणार नाही. पण कूस बदलली की, मान वर केली की, मिनिटाच्या आत थांबणारी गरगर, आणि आधी डोक्याला दणका, हे वर्णन आमच्या ओळखीचं आहे. त्याला बीपीपीव्ही म्हणतात, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की अचानक येणारी, कानातून निघणारी चक्कर.

आतल्या कानात ऐकण्याच्या भागाशेजारीच तोल सांभाळणारा भाग असतो. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं फिरलं की आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला कळतं की डोकं कुठल्या दिशेला वळलं. शेजारच्या एका पिशवीत जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे बसलेले असतात, त्यांच्या वजनावरून खाली-वर, पुढे-मागे कळतं. डोक्याला हादरा बसला की काही खडे सुटतात आणि नळीत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यांत खाली पडते. मग तुम्ही कूस बदलता, खडे घरंगळतात आणि द्रवाला ओढतात. डोकं स्थिर झालं तरी मेंदूला निरोप जातो की अजून फिरतंय. त्या खोट्या निरोपावर डोळे झटके मारायला लागतात, म्हणून खोली फिरताना दिसते. खडे तळाला बसले की सगळं शांत.

हे सीटीत दिसत नाही. खडे मायक्रॉनमध्ये मोजण्याइतके बारीक असतात. सीटी रक्त आणि हाड बघण्यासाठी होता, त्याने त्याचं काम केलं. "स्कॅन स्वच्छ, मग तुम्हाला होतंय तरी काय?" असं घरच्यांनी विचारलं तर हे दाखवा.

कोलशेतकर:
घरच्यांनी अगदी हेच विचारलं होतं. मुलगा म्हणाला, बाबा ऑफिस टाळतायत. प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आहे. गोळ्यांचं काय करू?

कर्णपिशाच्च:
प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन या जातीच्या गोळ्या मळमळ आणि गरगर दाबतात, खडे जागचे हलवत नाहीत. सुरुवातीचे थोडे दिवस ठीक. महिनोन्महिने घेतल्या तर उलट मेंदूला स्वतःला सावरून घ्यायला वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांत हातपाय थरथरणं, हालचाली मंद होणं असंही होऊ शकतं. पण मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारा.

मानपट्टा_खारघर:
वाचतोय आणि स्वतःची कीव करतोय. मला स्कूटरवरून पडल्यावर हेच व्हायचं. पहिल्या ठिकाणी मानेचा एक्स-रे काढला, "मणके झिजलेत" म्हणाले आणि गळ्यात पट्टा. चाळिशीनंतर कोणाचेही मणके थोडे झिजलेले दिसतातच, हे पुढच्या डॉक्टरांनी सांगितलं. पट्ट्याने एक फायदा झाला, मान वळतच नसल्याने चक्कर कमी यायची आणि मला वाटायचं उपचार लागू पडतोय.

शेवटी वाशीच्या एका डॉक्टरांनी टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवलं आणि माझ्या डोळ्यांत बघत बसले. दोन-चार सेकंद काही नाही, आणि मग जे काही फिरलं! मी त्यांचा हात इतका घट्ट धरला की त्यांना घड्याळ काढून ठेवावं लागलं. ते मात्र खूश, म्हणाले, "सापडलं."

उपवनची_सकाळ:
हो हो, तीच तपासणी. बहिणीने डॉक्टरांना टेबलावरूनच दोन शिव्या दिल्या होत्या.

गुगलभट:
कशाला पैसे घालवता? तपासणी म्हणजे डिक्स-हॉलपाइक आणि उपाय म्हणजे एपलीची क्रिया. यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत. पलंगावर उशी ठेवायची, मान इकडे, मान तिकडे, कुशीवर, उठून बसा, झालं. मी स्वतः केलंय.

कर्णपिशाच्च:
गुगलभट, तुम्हाला गुण आला याचा आनंद आहे. पण या धाग्यावर हा सल्ला नको. यांच्या डोक्याला मार लागलाय, म्हणजे मानेलाही लागला असू शकतो. मान तपासल्याशिवाय तिला झटके द्यायचे नाहीत. दुसरं, बाजू कोणती, नळी कोणती, हे डोळ्यांच्या हालचालीवरून ठरतं. आडव्या नळीत खडे असतील तर क्रिया वेगळी असते. तिसरं, माराने सुटलेले खडे पुष्कळदा दोन्ही कानांत असतात आणि एका बैठकीत आटपत नाहीत. निदान झाल्यावर डॉक्टरांनी घरी करायला शिकवलं तर खुशाल करा.

गुगलभट:
बरं, माघार. पण ती क्रिया नक्की करते काय ते तरी सांगा. मी केली, समजली नाही.

कर्णपिशाच्च:
जत्रेत काचेखालचा छऱ्यांचा खेळ मिळायचा आठवतो? डबी वाकवून वाकवून छरा मधल्या घरात न्यायचा. तसंच. डोकं ठरावीक क्रमाने वळवत खडे नळीच्या वाकणांतून परत पिशवीत सोडायचे. प्रत्येक स्थितीत गरगर थांबेपर्यंत थांबायचं, घाई केली की छरा मागे येतो.

पोर्टलंडचे जॉन एपली यांनी हे १९८० च्या सुमारास दाखवायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याच व्यवसायातले लोक हसले. डोकं हलवून चक्कर बरी होते यावर कोण विश्वास ठेवणार! त्यांचा निबंध छापून आला १९९२ साली. आज जगभर हीच क्रिया करतात.

तलावपाळीचा_बाक:
इतिहास निघालाच आहे तर माझी भर. रॉबर्ट बाराणी नावाचे व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर. पेशंटचे कान पिचकारीने धुताना पाणी गार असलं की पेशंट म्हणायचे चक्कर येते. पाणी जास्त गरम असलं तरी चक्कर, पण डोळ्यांचे झटके उलट्या दिशेला. त्यावरून आतल्या कानाची तपासणी निघाली, ती अजून करतात. १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. स्वीडनच्या राजपुत्राने मध्यस्थी केल्यावर १९१६ मध्ये सुटका झाली.

बटाटेभाव_वाशी:
आणि आपण कान धुताना गार पाणी लागलं तर फक्त ओरडतो. म्हणून आपल्याला नोबेल नाही.

पारसिकचा_बोगदा:
मुख्य मुद्दा असा आहे की स्टेशनचे जिने इतके गुळगुळीत का? पायऱ्यांच्या कडेची पट्टी झिजली की पावसात घसरगुंडी होते. आणि घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे? कोलशेतकर जिन्यावर पडले नसते तर कापूरबावडीला पडले असते.

मानपट्टा_खारघर:
+१. आणि हेल्मेट. माझं होतं म्हणून मी इथे टाइप करतोय. कायद्याने १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं, तरी लोक आरशाला लटकवून फिरतात.

पेठेतला_पाहुणा:
हेल्मेटवर पुणेकराला बोलायला लावू नका. धागा हजारी होईल.

संपादक_मंडळ:
हेल्मेट आणि खड्डे यांसाठी वेगळे धागे आहेत. कृपया तिकडे.

रात्रपाळी:
मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका आहे. खड्यांवर छान चर्चा झाली, पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. डोक्याला मार लागल्यावरची प्रत्येक चक्कर कानातली नसते.

डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय, पुन्हा पुन्हा उलट्या होतायत, पेंग जात नाही, बोलणं अडखळतं, एक हात किंवा पाय लुळा वाटतो, दोन-दोन दिसतं, झटका येतो, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळतं, यांपैकी काहीही असेल तर धागा वाचत बसू नका, सरळ अपघात विभाग गाठा. पहिला स्कॅन स्वच्छ असला तरी. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, कानातून रक्त आलं, तरी लगेच. कवटीचं कानाजवळचं हाड तडकलेलं असू शकतं.

आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आल्याआल्या सांगा. लोक ते सांगायचंच विसरतात. "बाकी काही आजार नाही" म्हणतात आणि पिशवीतून गोळ्यांची पट्टी निघते.

सीवूड्सची_सून:
रात्रपाळीताईंना दुजोरा. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, कपाळावर टेंगूळ. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. स्कॅनमध्ये काही नव्हतं. काही आठवड्यांनी त्या चालताना भिंत धरायला लागल्या, दुपारी जास्त झोपायला लागल्या, भाजीत मीठ दोनदा. आम्ही वयावर ढकललं. भाच्याने गणपतीत बघितलं आणि म्हणाला, मामी, आजी अशी नव्हती. पुन्हा स्कॅन केला तर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलं होतं. कवटीला छोटं भोक पाडून ते काढलं. आता माझ्या हातच्या मिठावर बोलतात, म्हणजे ठणठणीत आहेत.

त्यांना खोली फिरल्यासारखं कधीच झालं नाही. नुसता तोल जायचा, कुशीवर वळण्याशी काही संबंध नव्हता.

कर्णपिशाच्च:
सीवूड्स, तुमचं शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. डॉक्टरांकडे जाताना "चक्कर येते" एवढंच सांगू नका. खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते की पाय झोकांड्या खातात? सेकंद टिकतं, तास टिकतं की दिवसभर? कशाने येतं: कूस बदलून, उभं राहून, शिंकून, जोर करून, गर्दीत? एवढं लिहून नेलंत तर निदान निम्मं झालं. उठून उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल तर आधी बीपी, कानाकडे नंतर. शिंकलं, कुंथलं की गरगरत असेल तर आतल्या कानाला चीर गेलीय का हे बघावं लागतं.

चौथा_थर:
मी गोविंदा. टेंभी नाक्याला नाही, आमच्या कळव्याच्या सरावात पडलो. खालच्या पोराच्या गुडघ्यावर डोकं. स्कॅन स्वच्छ, पण पुढे बरेच दिवस ट्यूबलाइट सहन होईना, मोबाइल स्क्रोल केला की मळमळ, चिडचिड तर विचारू नका. डॉक्टर म्हणाले मेंदूला हादरा बसलाय, स्कॅनमध्ये दिसत नाही. आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत पुन्हा थरावर चढायचं नाही, कारण अर्धवट बऱ्या डोक्याला दुसरा दणका फार महागात पडतो. मंडळातल्यांनी चिडवलं, पण त्या वर्षी मी खाली राहून शिट्टी वाजवली.

मीनल_ऐरोली:
चौथा_थर, माझंही तुझ्यासारखंच, खडे सापडलेच नाहीत. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवर पनवेल गाडीत बसायचे, शेजारून दुसरी गाडी सुटली की वाटायचं आपणच मागे चाललोय आणि पोटात ढवळायचं. मॉलमधला सरकता जिना, चकचकीत फरशा, एपीएमसीतली गर्दी, सगळ्याने तेच. तपासण्या ठीक. एकाने "टेन्शन आहे" म्हणून सोडून दिलं, तेव्हा खरंच टेन्शन आलं.

मग कळलं की दुखापतीनंतर मेंदू तोलासाठी डोळ्यांवर नको इतका विसंबायला लागतो आणि ती सवय मोडत नाही. त्यावर व्यायाम आहेत. अंगठा डोळ्यांसमोर धरून नजर त्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवी. मग उभं राहून, मग चालताना. सुरुवातीला चक्कर वाढते, तेव्हाच लोक सोडतात. माझी फिजिओ म्हणायची, थोडी चक्कर येऊ दे, त्याशिवाय मेंदू शिकणार कसा.

तलावपाळीचा_बाक:
हे व्यायाम युद्धातूनच आले. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला आणि कानाला इजा झालेल्यांसाठी बसवले. नजर, मान, वाकणं, चेंडू या हातातून त्या हातात टाकणं, डोळे मिटून चालणं. घरच्यांना वाटतं वेड लागलंय.

पेठेतला_पाहुणा:
मी काही बोललो नाही.

सात्त्विक_नौपाडा:
मोरावळा घेऊन हे सगळं करायला कोणाची हरकत आहे का?

कर्णपिशाच्च:
अजिबात नाही काका, मलाही पाठवा. ड जीवनसत्त्व मात्र तपासून घ्या. ते कमी असलेल्यांत हे खडे पुन्हा सुटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. २०२० साली दक्षिण कोरियातल्या एका चाचणीत कमतरता असलेल्यांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिल्यावर परत परत येणारी चक्कर कमी झाली. टॉवरमध्ये राहून, एसीत बसून आपल्या अंगाला ऊन लागतंय कुठे.

कोलशेतकर:
आलो जाऊन. सगळ्यांना उत्तरं देतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. कर्णपिशाच्च यांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर लिहून नेलं होतं, त्यांनी तो शांतपणे वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "मान दुखते का?" मान हलवून बघितली, हातापायांची ताकद, चालणं, ऐकण्याची तपासणी. मग टेबल. उजवीकडे जोरात फिरलं. डावीकडेही थोडं फिरलं, ते मला घरी कधी कळलंच नव्हतं. उजवीकडची क्रिया लगेच केली. करताना असं वाटलं की टेबलासकट खाली कोसळतोय. डावीची पुढच्या वेळी.

त्या रात्री उजव्या कुशीवर झोपलो. काही नाही! बायकोला उठवून सांगितलं, ती म्हणाली सकाळी सांग. नंतर एकदा पुन्हा हलकं फिरलं, त्यासाठी परत बोलावलंय. माराने झालेलं असेल तर परत येऊ शकतं, घाबरू नका म्हणाले. दिवसभराचा जडपणा अजून आहे, त्यासाठी मीनल यांच्यासारखा अंगठ्याचा व्यायाम दिलाय. गोळ्या हळूहळू बंद करायला सांगितल्या. पुन्हा स्कॅनची गरज नाही, पण रात्रपाळी यांनी लिहिलेल्यातलं काही दिसलं तर लगेच.

पारसिकचा_बोगदा:
आणि स्कूटर?

कोलशेतकर:
नाही म्हणाले. दोन्ही बाजूंची तपासणी कोरी येईपर्यंत आणि मागे वळून बघताना काही होत नाही याची खात्री होईपर्यंत नाही. लेन बदलताना मान वळवावीच लागते आणि नेमकी तेव्हाच गरगर आली तर मागून कंटेनर. मीही वाद घातला नाही. सध्या ठाणे-घणसोली ट्रेन आणि पुढे रिक्षा.

मानपट्टा_खारघर:
शिडी, स्टूल, माळा हेही बंद ठेवा. मी स्कूटर सोडली आणि पंखा पुसायला चढलो होतो.

नवीन_सदस्य_दिवा:
पहिल्यांदाच लिहितोय. आईला दाताच्या डॉक्टरांकडे खुर्ची मागे केली की गरगरतं. डोक्याला मार वगैरे काही नाही. हा धागा तिला लागू आहे का?

कर्णपिशाच्च:
लागू होऊ शकतो. मार न लागताही खडे सुटतात, वय वाढलं की जास्तच, आणि बायकांत अधिक. दाताची खुर्ची, पार्लरमधलं केस धुण्याचं बेसिन, दोन्हीकडे मान मागे जाते. आईंना विचारा, रात्री कुशीवर वळताना होतं का आणि कुठल्या कुशीवर. वय काय? बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी आहे का? आणि मधल्या काळात कधी पडल्या होत्या का, हेही विचारा. पडलेलं म्हातारी माणसं घरी सांगत नाहीत.

नवीन_सदस्य_दिवा:
विचारलं. डाव्या कुशीवर होतं म्हणाली. आणि हो, दिवाळीच्या आधी ओट्याजवळ पडली होती, आम्हाला सांगितलं नव्हतं. बीपीची गोळी आहे, दुसरी नाही. उद्या घेऊन जातो.